रद्दीतली पोस्टकार्डे आणि हयात माणसे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मुंबईतील जुन्या चाळी आणि वाड्या पुनर्विकासासाठी एकामागोमाग एक रिकाम्या होत आहेत. खोली सोडताना पोटमाळ्यावरच्या ट्रंकेतून, फडताळाच्या तळातून आणि वाकवलेल्या तारेला टोचून ठेवलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यांतून जे बाहेर पडते, त्याला नव्या घरात जागा नसते आणि ते चाळून पाहण्याइतका वेळही त्या गडबडीत कोणाजवळ नसतो. त्यामुळे वर्तमानपत्रांच्या रद्दीबरोबर पत्रे आणि छायाचित्रेही किलोच्या भावाने जातात. रद्दीवाल्याकडून ती चोरबाजारात, तिथून जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या हाती आणि अखेरीस फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲपवर येतात. ‘जुनी मुंबई’ या विषयाची गोडी असलेली हजारो माणसे ती आवडीने पाहतात. मीही त्यांतलाच एक आहे, आणि केवळ हौसेपोटी स्वतःच्या खिशातले पैसे घालून हे कागद लगद्याच्या कारखान्यात जाण्यापासून वाचवणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे.

तरीही या संदर्भात एक गोष्ट आपल्या दैनिकामार्फत स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. ज्यांचे हस्ताक्षर किंवा ज्यांचा चेहरा त्या कागदावर आहे ती माणसे, निदान त्यांची मुलेबाळे, आज याच शहरात राहत असण्याची दाट शक्यता असते. त्यांना शोधण्याचा कसलाही प्रयत्न न करता त्यांची नावे, पत्ते आणि घरातल्या गोष्टी अनोळखी लोकांपुढे ठेवल्या जातात, हे मला अनुचित वाटते. कागद विकत घेतला की त्यावरच्या माणसाविषयीचे आपले कर्तव्य संपते, असा एक समज रूढ होत चालला आहे आणि त्याला वेळीच अटकाव व्हावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी टपाल खात्यात नोकरी केली आणि त्या नोकरीतली बरीच वर्षे मुंबईतच गेली, त्यामुळे या कागदांचे मोल मला वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. त्याची किंमत पाव आणा होती, आणि पाव आण्यात देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात निरोप पोचतो ही गोष्ट गरीब माणसाच्या दृष्टीने फार मोठी होती. पुढे गिरण्यांमुळे कोकणातून आणि घाटावरून माणसे मुंबईत आली, खानावळीत जेवू लागली, दहा-पंधरा जणांच्या खोलीत पाळीपाळीने पथारी टाकू लागली, आणि त्यांचा गावाकडचा संसार पोस्टकार्डावर व मनिऑर्डरच्या कुपनावरील दोन ओळींवर चालला. भात किती झाले, गाय व्याली की नाही, धाकट्याला शाळेत घातले का, यंदा गणपतीला रजा मिळेल का, अशा चौकशांनी ती कार्डे गच्च भरलेली असत. पत्त्याच्या बाजूलाही मजकूर संपला नाही, तर तो समासात उभा लिहिला जाई. या शहराच्या श्रमिकांचा इतिहास लिहायचा तर सरकारी अहवालांच्या बरोबरीने ही कार्डे वाचावी लागतील, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

शिवाय कार्डावरच्या पुष्कळ गोष्टी कोणाचेही खासगीपण न दुखावता बोलक्या असतात, आणि दुर्दैवाने कार्डाचे टिपलेले छायाचित्र कापून लहान करताना नेमक्या त्याच वगळल्या जातात. पत्त्यात ‘मुंबई ४’ एवढेच लिहिलेले असेल तर ते कार्ड बहुधा १९७२ च्या आधीचे असते, कारण पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला आणि जुना विभाग क्रमांकच त्याच्या शेवटी बसून गिरगावचा ४००००४ झाला, तर ‘मुंबई २८’ असलेल्या दादरचा ४०००२८ झाला. अर्थात पुढेही कित्येक वर्षे लोक सवयीने जुनाच क्रमांक घालत राहिले, त्यामुळे शिक्क्यावरची तारीख पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. छापील किंमत आण्यांत असेल तर कार्ड १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू होण्यापूर्वी छापलेले आहे, आणि ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे असे असेल तर त्यानंतरचे. टाकलेल्या पोस्टाचा आणि बटवड्याच्या पोस्टाचा असे दोन्ही शिक्के उमटलेले असतील, तर त्या दोन तारखांमधल्या अंतरावरून त्या काळी रत्नागिरीकडच्या खेड्यातून परळला पत्र यायला किती दिवस लागत, हे कळते. छायाचित्राच्या पाठीवरचा स्टुडिओचा रबरी शिक्का, निगेटिव्हचा क्रमांक, नागमोडी कातरलेल्या कडा, मागे उभ्या केलेल्या पडद्यावरचा रंगवलेला जिना किंवा बाग, हे सारे तितकेच उपयोगाचे आहे. इतिहासाला जे हवे असते आणि घराने जे झाकून ठेवलेले असते, त्या दोन गोष्टी कागदावर बहुतेक वेळा वेगवेगळ्या जागी असतात. म्हणूनच एक दाखवून दुसरी झाकणे अवघड नाही.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की पोस्टकार्ड हे मुळातच उघडे असते. पोस्टमन ते वाचत असे, चाळीतली शेजारीण वाचत असे, मग आम्ही वाचले तर बिघडले कुठे? या युक्तिवादाचा मी थोडा विस्ताराने विचार करू इच्छितो, कारण त्यात टपालाच्या व्यवहाराविषयीचा मोठा गैरसमज आहे. कार्ड उघडे होते हे खरे, परंतु ते कोणाकोणाच्या हातून जाणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. सॉर्टिंगला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांखालून रोज इतकी कार्डे जात, की मजकुराकडे लक्ष द्यायला त्याला सवडच नसे. आणि चुकून लक्ष गेलेच तर त्याची वाच्यता बाहेर करायची नाही, हे आम्हाला अगदी सुरुवातीपासून बजावलेले असे. १८९८ च्या टपाल कायद्यात कर्मचाऱ्याने पत्र उघडणे, दडवणे किंवा अडवून ठेवणे यासाठी शिक्षेची तरतूद होती, आणि तो धाक प्रत्येकाच्या मनात होता. ज्यांना लिहिता-वाचता येत नसे त्यांना पोस्टमन ओट्यावर बसून कार्ड वाचून दाखवी, कधी वाईट बातमी असेल तर आधी घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला घेई, आणि पुढच्या घरी गेल्यावर मागच्या घरचे काही बोलत नसे. मुंबईच्या जीपीओसमोर बसणाऱ्या पत्रलेखकांकडे तर माणसे आपले सगळे आयुष्य सांगत. कर्ज, आजार, फसवणूक, घरापासून लपवलेला धंदा हे सर्व त्यांच्या लेखणीतून उतरत असे, आणि तोंडून बाहेर न जाण्याच्या भरवशावरच त्यांचा चरितार्थ चाले. तेव्हा कार्ड उघडे असले तरी त्याच्याभोवती विश्वासाचे एक कुंपण होते. आज ते कार्ड परदेशातल्या अनोळखी माणसाच्या मोबाइलवर पोचते, तेव्हा ते कुंपण शिल्लक राहिलेले नसते.

दुसरे असे, की लिहिणारी माणसे स्वतःच हा भेद जाणीवपूर्वक करीत असत. खुशाली, सणावाराचे आमंत्रण, पोचल्याची बातमी कार्डावर लिहीत. घरातले काही सांगायचे असेल तर चार पैसे जास्त देऊन निळे आंतरदेशीय पत्र घेत आणि त्याच्या कडा डिंकाने नीट चिकटवीत. रद्दीच्या गठ्ठ्यात मात्र ही दोन्ही एकत्र सापडतात आणि एकत्रच प्रसिद्ध केली जातात. अलीकडे पाहण्यात आलेल्या एका आंतरदेशीय पत्राने मला फार अस्वस्थ केले. ओळख पटेल असा कोणताही तपशील मी येथे देत नाही. गावाकडच्या आईने मुंबईतल्या मुलाला ते लिहिले होते, किंवा कोणाकडून तरी लिहवून घेतले होते. मुलगी सासरहून परत आली आहे, पुन्हा जायला तयार नाही, तिच्या अंगावर वळ आहेत, तू येऊन काय ते ठरव, असा मजकूर होता आणि शेवटी ‘हे कोणाजवळ बोलू नये’ असे अधोरेखित केलेले वाक्य होते. पत्त्यात आडनाव, चाळीचे नाव आणि खोली क्रमांक स्वच्छ दिसत होता, मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचे गाव होते. टाकणाऱ्याने वर लिहिले होते, ‘किती सुंदर अक्षर, किती साधी माणसे’. खाली दोघा-तिघांनी ते गाव आमचेच म्हणून सांगितले होते आणि एकाने ते घर कोणते असावे याचाही अंदाज बांधला होता. शिक्क्यावरील वर्ष पाहता ती मुलगी आज सत्तरीच्या आसपासची असेल. आईने ज्यासाठी पत्र चिकटवून बंद केले आणि वर बजावूनही ठेवले, ते तिच्या पश्चात असे चव्हाट्यावर यावे, याचे मला अतोनात वाईट वाटले.

मृत्यूची बातमी कळवणाऱ्या कार्डांविषयीही थोडे लिहितो. अशा कार्डावर वर ‘श्री’ लिहीत नसत, पुष्कळदा त्याचा कोपरा फाडलेला असे, आणि वाचून झाल्यावर ते फाडून टाकीत; घरात ठेवीत नसत. क्वचित एखादे राहून गेलेले असते, बहुधा ज्याला फाडवले नाही अशा कोणाच्या तरी हातून. नव्या पिढीला हा संकेत माहीत नसतो, त्यामुळे कोपरा फाटलेला कागद ‘थोडा खराब अवस्थेत’ असे लिहून विकायला किंवा पाहायला ठेवला जातो. ज्यांना माहीत आहे त्यांनी हे सौम्य शब्दांत सांगावे, आणि अशी कार्डे प्रसिद्ध करणाऱ्यांनी निदान नावे झाकावीत.

छायाचित्रांच्या बाबतीत तर याहून अधिक काळजी घ्यावी लागते, कारण कृष्णधवल छायाचित्रातली माणसे केव्हाच निघून गेली आहेत, असे आपण नकळत गृहीत धरतो. साधा हिशेब करून पाहावा. १९७५ साली अठरा वर्षांची असलेली मुलगी आज सत्तरीचीही नाही. ती कदाचित ठाण्यात किंवा बोरिवलीत नातवंडे सांभाळत असेल, आणि तिच्याही हातात तोच मोबाइल असेल ज्यावर तिचे छायाचित्र फिरते आहे. त्या काळी स्थळासाठी म्हणून मुलीचे खास छायाचित्र काढवून घेत. नेसवलेली साडी, एका खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी, हात टेबलावरच्या फुलदाणीजवळ, आणि पाठीमागे वडिलांच्या अक्षरात जन्मतारीख, उंची, गोत्र, शिक्षण व पत्ता. अशी छायाचित्रे दहा घरी जात आणि नकार आला की कधी परत येत, कधी येत नसत. परत न आलेलीच पुष्कळदा आज रद्दीत मिळतात, म्हणजे जे घर ते रद्दीत घालते त्या घराचा आणि त्या मुलीचा संबंधही नसतो. तिला विचारल्याशिवाय तिचे छायाचित्र, आणि तेही मागच्या मजकुरासह, लोकांपुढे ठेवणे मला कोणत्याही निकषावर योग्य वाटत नाही. जन्मतारीख, जन्मगाव आणि वडिलांचे पूर्ण नाव एकत्र मिळाले की आजच्या काळात काय काय करता येते, हे बँकेच्या नावाने येणाऱ्या फसव्या फोनचा अनुभव घेतलेल्या प्रत्येकाला समजेल. जुन्या चेहऱ्याला रंग देणे, हसवणे, बोलते करणे हेही आता मोबाइलवर होऊ लागले आहे. आपल्या आजीच्या बाबतीत नातवाने ते प्रेमाने करणे निराळे, आणि कोण कुठल्या बाईच्या बाबतीत परक्याने ते गमतीखातर करणे निराळे. उघड्या अंगाच्या तान्ह्या मुलांची जुनी छायाचित्रेही कोणी प्रसिद्ध करू नयेत, एवढे येथे सांगून पुढे जातो.

चित्र छापलेल्या पोस्टकार्डांचा प्रकार यापेक्षा वेगळा आहे. ती मुळातच विक्रीसाठी छापलेली असत, त्यामुळे बोरीबंदर, अपोलो बंदर किंवा मलबार हिलची शंभर वर्षांपूर्वीची चित्रे कोणीही दाखवावीत, त्यात कोणाचे काही जात नाही. मात्र त्यांतल्याच एका प्रकाराकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विकल्या जाणाऱ्या चित्रकार्डांमध्ये माणसांची कार्डे पुष्कळ असत आणि त्यांखाली इंग्रजीत ‘कोळीण’, ‘धोबी’, ‘भिस्ती’, ‘पारशी स्त्रिया’ असे छापलेले असे. त्या माणसांना नावे होती, घरे होती, परंतु साहेबाच्या देशी पाठवायच्या कार्डावर ती एखाद्या जातीचा किंवा धंद्याचा नमुना म्हणून गेली. गव्हर्नराच्या चित्राखाली त्याचे नाव पदव्यांसह छापले जाई आणि कोळिणीच्या चित्राखाली नुसते ‘कोळीण’. आज आपणच आपल्या माणसांची छायाचित्रे ‘जुन्या काळची मराठी बाई’, ‘गिरणगावातला कामगार’ अशा मथळ्यांखाली टाकतो, तेव्हा तोच प्रकार आपल्या हातून होतो. त्या कामगाराचे नाव शोधले असते तर कदाचित सापडले असते, कारण त्याची मुले लालबागलाच राहत असतील. परक्यांनी शंभर वर्षांपूर्वी विचारले नाही हे समजू शकते. आपण का विचारू नये?

कायद्याचा प्रश्न पुष्कळ जण उपस्थित करतात, म्हणून त्याविषयी जेवढे आवश्यक तेवढे सांगतो. पत्राचा कागद ज्याच्याकडे आला त्याचा असतो, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांकडे राहतो. कागद विकत घेतल्याने तो हक्क आपोआप विकत घेतला जात नाही. पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे काढवून घेणाऱ्याचा असतो. स्टुडिओवाल्याचा नव्हे आणि चोरबाजारात ते विकत घेणाऱ्याचा तर मुळीच नव्हे. छायाचित्रांसाठी पूर्वी असलेली वेगळी मुदत २०१२ च्या दुरुस्तीने गेली आणि त्यांनाही आता इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षांचे संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला, परंतु एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. रद्दीतल्या एका जुन्या कार्डासाठी कोणी न्यायालयात जाईल असे मला वाटत नाही, आणि कोणी जावे अशी माझी इच्छाही नाही. हा विषय शिष्टाचारानेच सुटायला हवा.

त्या दृष्टीने दोन प्रथांचा मी स्पष्ट निषेध करतो. पहिली म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या छायाचित्रावर आपले नाव किंवा आपल्या पानाचे चिन्ह मोठ्या अक्षरांत आडवे छापणे. एखाद्या आजोबांच्या छातीवरून कोणा अनोळखी संग्राहकाचे नाव गेलेले पाहिले की संताप येतो. ज्याने सांभाळले त्याला श्रेय मिळावे, परंतु ते खाली, बाजूला, वेगळ्या ओळीत लिहिता येते. दुसरी प्रथा याहून घातक आहे आणि ती म्हणजे गठ्ठा फोडून एकेक कार्ड वेगळे विकणे. एका घरातली पत्रे तारेला ज्या क्रमाने लावलेली असतात, त्या क्रमाला अर्थ असतो. एका पत्रात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्यात असते, एका कार्डात नुसते ‘काका’ म्हटलेल्या माणसाचे नाव दुसऱ्या कार्डाच्या पत्त्यात मिळते, आणि ज्या कुटुंबाचा शोध एका कार्डावरून लागत नाही तो दहा कार्डांवरून सहज लागतो. तिकीट चांगले आहे म्हणून एक कार्ड पुण्याला गेले, शिक्का दुर्मीळ आहे म्हणून दुसरे कोलकात्याला गेले आणि उरलेली लगद्यात गेली, की ते घर पुन्हा जुळवता येत नाही. विकणाऱ्याला पोट आहे, हे मी समजतो. म्हणून विकत घेणाऱ्यांनाच विनंती करतो, की शक्य असेल तेथे गठ्ठा अखंड घ्यावा, आणि ते परवडत नसेल तर निदान विक्रेत्याच्या परवानगीने सर्व कार्डांच्या दोन्ही बाजू त्याच क्रमाने टिपून ठेवाव्यात.

मग प्रसिद्ध काय करावे आणि कसे करावे, हा प्रश्न उरतो. माझ्या मते कागद कुठे आणि केव्हा मिळाला, त्यावर काय काय लिहिलेले आहे, कोणते शिक्के आहेत, याची पूर्ण नोंद संग्राहकाने स्वतःजवळ करावी आणि त्यातला काहीही भाग गाळू नये. लोकांपुढे ठेवताना मात्र गाव, वाडी, वर्ष, शिक्का, तिकीट, स्टुडिओचे नाव एवढे राहू द्यावे, आणि व्यक्तीचे पूर्ण नाव, खोली क्रमांक, जन्मतारीख, आजार, पैशाचे व्यवहार आणि घरातले तंटे झाकावेत. दर्शनी बाजू दाखवावी, मजकूर राखून ठेवावा, आणि सोबत ‘या वाडीतील या काळातील रहिवाशांपैकी कोणी असल्यास कळवावे’ असे लिहावे. ओळख सांगत येणाऱ्याला झाकलेल्या भागातील एखादी गोष्ट विचारून खात्री करून घेता येते, आणि हा त्या झाकण्याचा आणखी एक उपयोग आहे. मुंबईत माणसे शोधणे वाटते तितके कठीण नाही. वाडी पाडली गेली तरी तिचे गणेशोत्सव मंडळ टिकून असते, कोकणातल्या गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळे आहेत, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप गट आहेत, आणि पुनर्विकासात गेलेल्या इमारतीच्या रहिवाशांची यादी त्यांच्या सोसायटीकडे असते. कुटुंब सापडले तर निदान छायाप्रत त्यांना द्यावी, मूळ कागद परत करता आला तर फारच उत्तम. त्यांनी काढून टाका म्हटले तर वाद न घालता काढून टाकावे. त्यांनी परवानगी दिली तर ते पत्र किंवा छायाचित्र त्यांच्या नावाने आणि त्यांनी सांगितलेल्या माहितीसह पुन्हा प्रसिद्ध करावे. कुटुंब सापडलेच नाही, तर झाकलेले झाकलेलेच राहू द्यावे.

असे केले तर इतिहास दडपला जाईल, असा आक्षेप काही अभ्यासू मित्र घेतात. मला नेमके उलटे वाटते. अनुषा यादव यांनी २०१० साली सुरू केलेल्या इंडियन मेमरी प्रोजेक्ट या उपक्रमात लोक आपल्याच घरातली जुनी छायाचित्रे देतात आणि त्यांमागची हकीकतही स्वतःच सांगतात. त्यामुळे चित्रातला माणूस कोण, तो कुठून आला, त्याने पुढे काय केले हे वाचणाऱ्याला कळते. नाव नसलेल्या शंभर चेहऱ्यांपेक्षा घरच्यांनी ओळख करून दिलेला एक चेहरा अभ्यासकाला अधिक काही देऊन जातो. घरच्यांना विचारण्यात वेळ जातो हे मान्य, परंतु तो वेळ इतिहासाच्याच कामी येतो. आणि वेळ फारसा उरलेलाही नाही, कारण छायाचित्रातल्या दहा जणांपैकी आठ जणांना ओळखणारी आत्या किंवा मावशी आज ऐंशीच्या पुढे आहे.

याच कारणासाठी स्वतःच्या घरची छायाचित्रे लोकांसमोर ठेवणाऱ्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. छायाचित्र आपल्या घरचे असले तरी त्यात केवळ आपणच नसतो. वहिनीला, चुलत भावाला, शेजारच्या काकूंना एकदा विचारून घ्यावे, आणि आजी हयात असेल तर तिला आधी दाखवावे. आपले कोणते रूप जगाने पाहावे हे ठरवण्याचा मान तिचा आहे. तिच्याजवळ बसून नावे विचारावीत आणि छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. फाटलेल्या छायाचित्राला चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून चित्रात उतरतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेली छायाचित्रे ओढून काढू नयेत, ती अल्बमसकटच टिपून घ्यावीत. मुंबईच्या पावसाळी हवेत बुरशी आणि कसर दोन्ही लवकर धरतात, त्यामुळे ट्रंक भिंतीला टेकवून ठेवण्यापेक्षा कोरड्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलेली बरी. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत आकाराने बारीक होते, म्हणून मूळ मोठी प्रत घरी वेगळी जपून ठेवावी.

संपादक महोदय, या बाबतीत आपल्या दैनिकाकडे माझी एक विनंती आहे. मुंबई आवृत्तीत आठवड्यातून एकदा, अगदी लहान जागेत का होईना, सापडलेल्या पत्रांची आणि छायाचित्रांची माहिती देणारे सदर आपण सुरू करावे. त्यात चेहरा किंवा मजकूर छापू नये. वाडीचे वा चाळीचे नाव, साधारण वर्ष, छायाचित्र असल्यास त्यातील माणसांची संख्या आणि संग्राहकाशी आपल्या कार्यालयामार्फत संपर्क साधण्याची सोय, एवढे पुरे आहे. ज्या पिढीची ही पत्रे आहेत ती पिढी मोबाइलपेक्षा वर्तमानपत्र अधिक बारकाईने वाचते, त्यामुळे हे काम आपल्याइतके चांगले दुसऱ्या कोणाकडून होणार नाही. पुनर्विकासाच्या सोसायट्यांनीही खोल्या रिकाम्या करण्याच्या नोटिशीतच ‘जुनी पत्रे व छायाचित्रे रद्दीत देण्यापूर्वी कृपया पाहून घ्यावीत’ अशी एक ओळ घालावी, आणि कोणाला ती नको असतील तर कार्यालयात ठेवण्यासाठी एक पेटी ठेवावी. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून मराठी माणसाचे ग्रंथ सांभाळत आले आहे. अशा संस्थांनी घरगुती पत्रव्यवहार स्वीकारण्याचा आणि कुटुंबाच्या अटींनुसार तो ठरावीक वर्षे बंद ठेवण्याचा विचार करावा, अशी माझी त्यांनाही विनंती आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांमधून माणसे नव्या इमारतींत जाऊ लागली आहेत आणि अजून पुष्कळ खोल्या रिकाम्या व्हायच्या आहेत, तेव्हा या सूचनांवर निर्णय लवकर व्हावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
गिरगाव, मुंबई ४००००४